हाताला न लागणारा रंग

खळमास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरून तळहात फिरवायचे. चप्पल काढायची, पाय धुवायचे, घरच्यांची विचारपूस करायची, हे सगळं नंतर. हात फिरवून झाला की तो दाराकडे, उजेडात धरून निरखायचे. लग्नघर असो, बारसं असो की कुणाचं माणूस गेलेलं घर असो, यात कधी बदल झाला नाही. हात पांढरा झाला असेल तर "लागतोय" एवढंच म्हणायचे. झाला नसेल तर काहीच बोलायचे नाहीत, आणि ते न बोलणं हीच त्यांची शाबासकी असायची.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने दिवाळीसाठी चुना देऊन, त्यात बेताची नीळ घालून भिंती लख्ख करून घेतल्या होत्या. मास्तरांनी हात फिरवला, उजेडात धरला आणि म्हणाले, "लागतोय की ताई." आईच्या हातातली पोह्यांची बशी जिथल्या तिथे थांबली. ते गेल्यावर ती संध्याकाळपर्यंत धुसफुसत होती. "पाहुणा म्हणून आलाय की इन्स्पेक्टर म्हणून?" वडील पेपराआड तोंड लपवून हसत होते. दुसऱ्या दिवशी मात्र, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून, आईच भिंतीवरून हात फिरवत होती.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि होटगी रस्त्याला पत्र्याच्या दोन शेडमध्ये चालणाऱ्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते. सोलापुरात तेव्हा मुलीने शिक्षिका व्हायचं किंवा लग्न करायचं. रंगाच्या कारखान्यात जायचं म्हणजे शेजाऱ्यांना चघळायला विषय. कारखाना पुडीचा डिस्टेंपर बनवायचा. खडूची पूड, सरस आणि थोडा रंग. पाण्यात कालवून भिंतीला फासायचा. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या सदऱ्यावर तो हमखास उतरायचा. निम्म्या सोलापूरच्या पाठी तेव्हा आम्ही रंगवल्या होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

मास्तर तिथे मिश्रण खात्याचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे ते आणि दोन गडी. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते कापडगिरणीत खळ शिजवत होते. मागावर चढण्याआधी ताण्याचे दोरे शिजवलेल्या खळीतून काढतात, म्हणजे ते ताठ होतात, विणताना तुटत नाहीत. खळ बिघडली की दोरे तुटतात आणि विणकराच्या शिव्या खळवाल्याला बसतात. त्या शिव्यांनीच आपल्याला शिकवलं, असं मास्तर म्हणायचे. गिरणीने माणसं कमी केली त्यात ते घरी बसले, आणि सरस शिजवायला जाणता माणूस हवा म्हणून आमच्या मालकांनी त्यांना आणलं. गिरणीबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. चांगलंही बोलले नाहीत.

त्यांचं मोजमापाचं साधन म्हणजे उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी. गरम खळीने त्या दोन बोटांची कातडी गुळगुळीत झाली होती. पिंपात ती बोटं बुडवायची, एकमेकांना चिकटवायची, सावकाश दूर न्यायची आणि मधला धागा कुठे तुटतो ते बघायचं. धागा मनासारखा लांबला तर म्हणायचे, "चालंल." याच्या पलीकडे कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. माझ्याकडे दाटपणा मोजायचं काचेचं उपकरण होतं. पहिले सहा महिने मी ते घेऊन त्यांच्या मागे मागे हिंडत होते आणि दर वेळी त्यांची बोटं बरोबर निघत होती. शेवटी ते उपकरण मी कपाटात ठेवून दिलं.

मग मालकांनी धुता येणारा रंग काढायचं ठरवलं. मुंबईहून असे रंग यायला लागले होते. लोक त्याला प्लास्टिकचा रंग म्हणत. पाण्यात कालवलेलाच, पण एकदा वाळला की पाण्याने न निघणारा. हे कसं होतं ते मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि मास्तरांना समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. निळ्या पिंपांतून मुंबईहून एक पांढरं, पातळ, आंबूस वासाचं द्रव्य यायचं. गडी त्याला पहिल्या दिवसापासून दूध म्हणायला लागले. मी सांगितलं, "मास्तर, हे पॉलिमर. एका बारीक कणाला त्याच जातीचे हजारो कण जोडून झालेली लांब साखळी. अशा साखळ्यांचे गोळे पाण्यात तरंगतायत. पाणी उडून गेलं की गोळे एकमेकांवर दाबले जातात, एकजीव होतात आणि त्यांची सलग कातडी बनते. ती कातडी रंगाची पूड भिंतीला धरून ठेवते. मग पाणी लागलं तरी ती सुटत नाही."

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग पत्र्यावर दुधाचे चार थेंब टाकले आणि उन्हात ठेवून ते वाळेपर्यंत तिथेच उकिडवे बसून राहिले. सोलापूरचं ऊन, फार वेळ लागला नाही. पांढऱ्याचं पारदर्शक झालेलं ते कातडं त्यांनी नखाने सोडवलं, ताणलं, पाण्याच्या पेल्यात बुडवलं, पुन्हा ताणलं. म्हणाले, "खळ पान्यात टाकली की सुटती बाई. ही सुटंना की." त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी पुढे मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून मी 'बाई'ची 'पोरी' झाले.

एकट्या दुधाने भागत नव्हतं. रंग ब्रशावरून ओघळू नये आणि आमच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी एकदम उडून जाऊ नये, म्हणून त्यात दाटपणा आणणारी एक पूड घालावी लागे, तीही पॉलिमरच. आणखी एका पॉलिमरचे काही थेंब घातले की रंगाच्या पुडीच्या गुठळ्या होत नसत, कण सुटे राहत. दाटपणाची पूड सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या तुसापासून करतात, असं मी सांगितलं तेव्हा मास्तर खो खो हसले. "कापूस हितं बी आला व्हय माज्या मागनं?"

ती पूड मात्र महाग होती. मास्तरांनी मनाशी विचार केला की दाटपणाच हवा ना, मग चिंचोके काय वाईट? गिरणीत चिंचोक्याच्या पिठाची खळ त्यांनी आयुष्यभर शिजवली होती. मलाही पटलं. रंग झाला दृष्ट लागण्यासारखा. धागा तर हातभर लांब. पाच दुकानांत डबे गेले. पंधरा दिवसांत डब्यांची झाकणं फुगली, एक तर दुकानातच फटाक्यासारखं उडालं, आणि आत असा काही वास होता की दुकानदार रस्त्यावर येऊन उभा राहिला. चिंचोके नासले होते. गिरणीत खळ सकाळी शिजायची आणि दिवस मावळायच्या आत दोऱ्यांवर संपायची. तिला नासायला सवड कुठे होती? वीस वर्षांत मास्तरांना खळ टिकवण्याचा प्रश्नच पडला नव्हता.

मालक चिडले. मी घाबरले, कारण होकार मीही दिला होता. मास्तर शांतपणे हातगाडी घेऊन निघाले आणि पाचही दुकानांत स्वतः गेले. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य. "चूक माजी हाय. माल द्या मागारी." मग शेडच्या मागे खड्डा खणून ते डबे एकट्याने ओतले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू सर तिकडं. ज्यानं घाण केली त्यानं निस्तरावी." माझा होकार त्यांनी कुणापाशी बोलून दाखवला नाही. तेव्हा मला त्या गोष्टीचं फक्त बरं वाटलं. त्यातून काही शिकायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या फजितीनंतर मास्तरांनी नवा रिवाज सुरू केला. प्रत्येक घाण्यातला तळहाताएवढा रंग शेडच्या मागच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर लावायचा आणि खाली कोळशाने तारीख लिहायची. महिनाभर ऊन खाऊ द्यायचं. मग जुन्या धोतराचं ओलं फडकं घेऊन शंभर वेळा घासायचं. फडकं कोरं राहिलं तरच माल बाहेर. मालक कपाळावर हात मारायचे, कारण महिनाभर माल अडकून पडायचा. "बोटाला दाट कळतंय," मास्तर म्हणायचे, "पर धरून ठेवतंय का न्हाय ते भितीलाच इचाराय पायजे." वर्षभरात ती भिंत चौकोनांनी भरून गेली. त्या वर्षातला आमचा रंग खरोखर चांगला होता. मी हे उगाच मायेपोटी म्हणत नाही. नंतर मी बरेच रंग घासून पाहिले आहेत.

मास्तर विधुर होते आणि त्यांना एकच मुलगी, सुशीला. तिला त्यांनी नर्सिंगला घातलं होतं. मंद्रूपच्या पुढे, भीमेच्या अंगाला त्यांचं खेडं. तिथे गावाने वर्गणी काढून तीन खोल्यांचं बाळंतपणाचं घर बांधलं आणि सुशीलाच तिथली नर्स झाली. तिने बापाला सांगितलं, की मला चुन्याच्या भिंती नकोत. चुना पडतो, खाटेवर पडतो, बाळाच्या अंगावर पडतो, आणि धुता येत नाही. मला दर आठवड्याला फिनेलच्या पाण्याने भिंती धुवायच्या आहेत. मास्तर गावच्या बैठकीत उभे राहिले आणि त्यांनी शब्द दिला, की असा रंग देतो की हाताला लागणार नाही आणि धुऊन जाणार नाही. गावात बोलायला उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ होती. आठ दिवस ते कारखान्यात ज्याला त्याला सांगत होते. "आमची सुशी भिती धुनार हाय. भिती!"

नेमक्या त्याच सुमाराला खनिज तेलाचे भाव भडकले आणि दूध महागलं, कारण तेही शेवटी तेलातूनच निघतं. मालकांनी मला बोलावून घेतलं. मला मॅडम म्हणणारा जगातला पहिला माणूस म्हणजे ते. मला कुणी विचारलं की तू कशाला विकली गेलीस, तर मी त्या एका शब्दाला विकली गेले, असंच उत्तर द्यावं लागेल. ते म्हणाले, "मॅडम, दूध निम्मं करायचं. पण रंग पातळ दिसता कामा नये. तुम्ही हुशार आहात, बघा काय जमतं. आणि हे आपल्या दोघांतच. जमलं तर तुम्हाला मुख्य केमिस्ट करतो."

मला जमलं. अवघड नव्हतंच. मास्तर उद्घाटनाच्या तयारीला दोन दिवस गावी गेले होते, तेव्हा तो घाणा मीच तोलून घातला. दूध निम्मं, खडू वाढवला आणि दाटपणाची पूड दुप्पट केली. रंग आधीपेक्षाही भारदस्त दिसायला लागला, ब्रशावर लोण्यासारखा बसायला लागला. रंगात दाटपणा एका पॉलिमरचा असतो आणि पकड दुसऱ्याचीच. खळीत तसं नाही. खळ दाट असली की ती धरतेच, दोन्ही कामं तिची एकटीची. त्यामुळे ज्या माणसाची बोटं खळीवर घडली त्याला दाट धागा म्हणजे पकड, असंच आतून वाटणार. मास्तर ही खोट ओळखून होते, म्हणून तर ती भिंत होती. माझ्या युक्तीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते. पाटीवर पट्टा देऊन मी तो ओल्या फडक्याने घासला. अकराव्या वेळेला पाटी उघडी पडली.

पाटी मी धुऊन ठेवली. दोन दिवसांनी सकाळी मास्तर माझ्या टेबलाशी आले. त्यांनी धुतलेली टोपी घातली होती.

"पोरी, ह्यो फिकट हिरवा माल सुशीच्या दवाखान्याला जायाचा हाय. रविवारी उद्घाटन. मैनाभर थांबाय येळ न्हाय. तू घासून बगितलंस का?"

"हो मास्तर. बघितलं."

"किती डाव?"

"शंभर."

"लागला का फडक्याला?"

"नाही."

त्यांनी पिंपात बोटं घातली. धागा लांबच लांब आला. ते माझ्याकडे बघून हसले. "चालंल," म्हणाले. भिंतीवर चौकोन न लावता बाहेर गेलेला तो पहिला माल, आणि तो माझ्या शब्दावर गेला. त्या वेळी शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. मालक नव्हते, गडी नव्हते, माझं तोंड कुणी दाबून धरलं नव्हतं. "मास्तर, थांबा," एवढे दोन शब्द होते. पुढे मी स्वतःला अनेक सबबी सांगितल्या. नोकरी, मालकांचा धाक, वय. त्यातली एकही त्या सकाळी माझ्या मनात नव्हती. मुख्य केमिस्ट एवढंच मनात होतं.

उद्घाटन थाटात झालं. मास्तर पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले. पुढच्या शनिवारी सुशीलाने पदर खोचून पहिल्यांदा भिंत धुवायला घेतली. गावातल्या बायका बघायला जमल्या होत्या, कारण भिंत धुतात म्हणजे काय, हे कुणी पाहिलं नव्हतं. फडकं दोनतीनदा फिरलं आणि हिरवं पाणी खाली वाहायला लागलं. मग बादली हिरवी झाली. मग खालचं प्लास्टर दिसायला लागलं. मास्तर रजा काढून तिथेच उभे होते. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, गिरनीतली खळच लावली वाटतं!" आणि सगळ्या बायका हसल्या. हे मला नंतर कळलं. सुशीला हसली नाही. तिने हातातलं फडकं बापाच्या हातात दिलं आणि आत निघून गेली.

सोमवारी मास्तरांनी ते फडकं, घडी घालून, माझ्या टेबलावर ठेवलं. त्यावरचा हिरवा अजून तसाच होता.

"दूध किती घातलंतं?"

"निम्मं."

"आन पूड?"

"दुप्पट."

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "म्हंजी जाडी तिची हुती," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "तू घासलंतंस न्हवं?" मी मान खाली घातली. "मला सांगायचं हुतंस की पोरी. मी खळवाला हाय, अडानी न्हाय. निम्म्यात भागत न्हाय एवढं मला समजलं असतं. मी सुशीला चुनाच दिला असता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मीही काहीतरी बोलले असते, रडले असते, प्रकरण तिथेच संपलं असतं. ते फडकं उचलून मिश्रण खात्यात गेले आणि रोजच्यासारखे कामाला लागले.

गावाने कारखान्याला तक्रारीचं पत्र पाठवलं. मालकांनी मला बोलावून उत्तर लिहायला सांगितलं. मजकूर त्यांचा, मराठी माझं. 'मिश्रण विभागातील जुन्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे सदर मालात दोष राहिला असून संबंधितास कामावरून कमी करण्यात येत आहे.' 'निष्काळजीपणा' हा शब्द मी सुचवला. मालकांनी 'गाढवपणा' म्हटलं होतं. खाली मी सही केली, आणि सहीखाली पहिल्यांदा लिहिलं, मुख्य केमिस्ट.

त्या पत्राची एक प्रत मास्तरांना दिली. ते चौथीपर्यंत शिकलेले. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्यांनी ते सगळं वाचलं. बोट माझ्या सहीपाशी येऊन थांबलं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी बोलतील.

"सही चांगली हाय," ते म्हणाले.

पत्र खिशात घातलं, ओल्या फडक्यांचं गाठोडं उचललं आणि गेले. निरोप नाही, नमस्कार नाही, आणि कुणाकडे तक्रारही नाही. मागच्या भिंतीवर मालकांनी महिनाभरात चुना मारून घेतला. मास्तरांनी गावी जाऊन बाळंतपणाच्या घराच्या तिन्ही खोल्या खरवडल्या आणि त्यांना स्वतःच्या हाताने चुना दिला, असं गड्यांपैकी एकाने सांगितलं. गावाने विचारलं तेव्हा म्हणाले म्हणे, "चूक माजी हाय." मला त्या वेळी उडालेलं झाकण आणि ती हातगाडी आठवली. मी तो विषय बदलला.

दोन वर्षांनी मी मुंबईला एका मोठ्या कारखान्यात गेले. तिथे नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. दाटपणा वेगळा आणि पकड वेगळी, हा माझा आवडता धडा. दोन पट्टे दाखवायचे, एक दिसायला लठ्ठ आणि आतून पोकळ, दुसरा पातळ पण टिकणारा. मुलांना तो धडा फार आवडायचा. हे मी कुठे शिकले, ते कुणी विचारलं नाही.

दशक संपता संपता आईच्या आजारपणात सोलापूरला आले होते, तेव्हा मास्तर गेल्याचं कळलं. जाऊन तीन महिने झाले होते. एसटीने मंद्रूप, तिथून दुसऱ्या गाडीने त्यांचं गाव. बाळंतपणाचं घर गावाच्या तोंडाशीच होतं. सुशीला अंगणात दोरीवर दुपटी वाळत घालत होती. मी कोण ते सांगितलं तशी ती लगबगीने खुर्ची घेऊन आली.

"तुमचं नाव लई काढायचे आबा," ती म्हणाली. "आमच्या कारखान्यात एक पोर हुती, लई हुशार, तिनं मला पॉलिमर शिकवलं म्हणायचे. गावातल्या लोकांना पत्र्यावर दूध वाळवून दाखवायचे, बिना दुधाचंच. नुसतं हातानं. असं वाळतंय, असं धरतंय."

तिने चहा टाकला. चहा होईपर्यंत सांगत राहिली. दर वर्षी दिवाळीआधी आबा तिन्ही खोल्यांना चुना द्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटच्या वर्षी खोकत खोकत दिला. मी विचारलं, भिंतीवरून हात फिरवायची सवय तशीच होती का. "न्हाय," ती म्हणाली. "त्या रंगानंतर कधीच न्हाय फिरवला. कुणाच्या घरी गेले तरी हात पाठीमागं बांधून बसायचे."

मग चहाचा कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी तितंच हुता म्हणून इचारते. मी आबांशी दोन वर्षं धड बोलले नाही. सगळ्या गावासमोर त्यांनी मला खाली बघायला लावलं, असं माझ्या मनात बसलं हुतं. मी भाकरी त्यांच्या पुढं ठेवायचे आन उठून जायचे. खरंच त्यांची चूक हुती का हो?"

"नाही," मी म्हणाले. "माझी होती. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं."

आतल्या खोलीत एक मूल रडत होतं, ते थांबलं. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल, चहाचा कप काढून घेईल. तिने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. भिंतीकडे बघत होती.

"मग आता हे मी कुणाला सांगू?" ती म्हणाली.

उठताना मी भिंतीला धरलं आणि तळहाताला चुना लागला. तो हात मी तसाच घेऊन आले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण अंगणात पाण्याची बादली होती, तिथे मी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि चारची गाडी पकडली.